वाकड्या तोंडाचे नऊ दिवस

“शकू दोनच दिवसांसाठी येतीये. निदान तिच्यासमोर तरी तोंड वाकडं करू नकोस,” हे म्हणाले.

मी मोरीत चूळ भरत होते. शकू म्हणजे माझी नणंद. तिच्या येण्यावरून आदल्या दिवशी आमची थोडी बोलाचाली झाली होती हे खरं, पण सकाळी उठून तोंड वाकडं करण्याइतका माझा राग टिकत नाही. तेवढं सांगायला मी वळले आणि तोंडातलं पाणी डाव्या कोपऱ्यातून निसटून थेट ह्यांच्या पेपरावर गेलं.

“अगं, थुंकतेस काय अंगावर!”

“मी कुठे थुंकले?” असं मला म्हणायचं होतं. निघालं ते “ही कुठे थुंकले?”

ह्यांनी चष्मा सारखा करून माझ्याकडे पाहिलं आणि पेपर खाली ठेवला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. वाचता वाचता पेपर खाली ठेवल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

“शैला, तुझं तोंड खरंच वाकडं झालंय गं.”

मी आरशाकडे धावले. चेहऱ्याची डावी बाजू कुणीतरी इस्त्री केल्यासारखी सपाट झाली होती. डावी भुवई खाली आली होती, डावा डोळा मिटता मिटत नव्हता आणि ओठ उजवीकडे ओढले गेले होते. हसून पाहिलं, तर उजवी बाजू हसली, डावीला त्यातलं काही कळलंच नाही. माझे वडील अर्धांगवायूने गेले होते. मी पाटावर बसले आणि रडायला लागले. पाणी दोन्ही डोळ्यांतून आलं, तेवढंच काय ते समाधान.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “वारं गेलं गं बाई तोंडावरून. एस्टीत खिडकीशी बसली असशील.” त्यांनी काहीतरी लेप आणायच्या आत ह्यांनी मला डॉक्टर मगदुमांकडे नेलं.

डॉक्टरांनी हात उचलायला लावले, पाय उचलायला लावले, मग समोर खुर्ची ओढून बसले.

“आता कपाळाला आठ्या घाला.”

“काय?”

“आठ्या. एखाद्यावर वैतागल्यासारखं करा.”

“ते तिला शिकवावं लागणार नाही,” हे शेजारून म्हणाले.

मी ह्यांच्याकडेच बघून आठ्या घातल्या. उजव्या कपाळावर तीन उमटल्या. डावीकडे एकही नाही.

“वा!” डॉक्टर खूश झाले. “नाही पडत. फार छान!”

“अहो, त्यात छान काय?” ह्यांनी विचारलं.

“मेंदूत काही बिघडलं असतं ना, तर तोंड असंच वाकडं झालं असतं, पण कपाळावर आठ्या पडल्या असत्या. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. एक बाजू बंद पडली, तरी दुसरी काम भागवते. ह्यांची आठीसुद्धा गेली, म्हणजे मेंदू ठणठणीत आहे. कानामागून चेहऱ्यावर एक नस येते, ती सुजलीये. अपघातात नस तुटली असती किंवा कानात फोड आले असते, तर मीही काळजी केली असती. तसलं काही नाही. गोळ्या देतो. डोळ्यात थेंब घाला, झोपताना डोळ्यावर पट्टी लावा. होईल बरं.”

“कधी?”

“तीन आठवडे लागतील, नाहीतर तीन महिने.”

“हला नऊ दिवसांत हवंय,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. “काय म्हणाल्या?”

नऊ दिवसांनी मालनची परीक्षा होती.

मी तेव्हा मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिकवायची. आमचं गाव मिरजेपासून तासाभरावर. शाळा गुळवणी सरांनी काढलेली, आणि त्यांच्या शाळेचा पहिला नियम होता, हात बंद. हाताला बोलायची सवय लागली की तोंड आळशी होतं, असं सरांचं म्हणणं. मुलांनी ओठ वाचायचे आणि तोंडाने बोलायचं. वर्गात हात पाठीमागे. मी सरांची सगळ्यात कडक चेली. खुणा करताना मूल दिसलं की मी स्वतः त्याचे हात धरून मागे न्यायची. पालकांनाही बजावून ठेवलं होतं की सुट्टीत घरीसुद्धा हे असंच चाललं पाहिजे.

मालन खरात अकरा वर्षांची, माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. गावातल्या हायस्कुलात, ऐकू येणाऱ्या मुलांबरोबर, ती पाचवीत बसणार होती. आमच्या शाळेतून असं आजवर कुणी गेलं नव्हतं. हायस्कूलच्या मुख्याध्यापिका उपळेकर बाई म्हणाल्या होत्या, “मी तिच्याशी बोलेन. तिला कळलं आणि तिने उत्तर दिलं, तर घेईन. नाहीतर साठ मुलांच्या वर्गात मी काय करू तिचं?”

मालनचे वडील बिरा खरात मेंढपाळ. वर्षातले आठ महिने फिरतीवर. ते सरळ सांगून गेले होते, “बोलती झाली तर तुमची शाळा, न्हाईतर माझी मेंढरं. मेंढरास्नी बोलाय लागत न्हाई.” मुलीला भेटायला यायचे तेव्हा तिच्यासमोर नुसते मुकाट बसून राहायचे. अर्ध्या तासाने उठून जायचे. माणूस तुसडा आहे, असं माझं ठाम मत होतं.

आता शिकवणारीचंच तोंड गेलं होतं.

आमचं शिकवणं चालायचं आरशावर आणि कागदाच्या पट्टीवर. ‘प’ म्हटला की ओठांसमोर धरलेली पट्टी फडफडते. ‘ब’ला गळा थरथरतो, ‘म’ला नाक. नुसत्या ओठांवरून ह्या तिघांतला फरक कुणालाच कळत नाही. आरशासमोर आवाज न काढता पापा, बाबा, मामा म्हणून बघा, एकच नातेवाईक तीनदा भेटेल.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन आठ मुलांसमोर पट्टी धरली आणि ‘पाणी’ म्हटलं. पट्टी हलली नाही. सगळी हवा डाव्या कोपऱ्यातून निघून गेली होती. मग सहा वर्षांची नसीम उठली, माझ्या हातातली पट्टी तिने घेतली आणि माझ्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्याशी नेऊन धरली. “पुन्हा,” ती म्हणाली. पट्टी फडफडली. वर्ग खूश झाला.

त्याच्या पुढच्या दिवशी गुळवणी सर फेरी मारत वर्गात आले.

“काय शिकलात, म्हणून दाखवा पाहू.”

आठही मुलांनी तोंडं एका बाजूला ओढली, एकेक डोळा मिटला आणि एका सुरात म्हणाली, “फाणी!”

सर दारातच थिजले. “रेठरेकर बाई, ही मुलं मला डोळा मारतायत.”

मुलांचा काही दोष नव्हता. बाईंच्या तोंडाकडे बघायचं आणि अगदी तस्संच करायचं, हे इतकी वर्षं मीच घोकून घेतलं होतं. माझा डावा डोळा मिटत नव्हता, त्यामुळे पापणी लवली की एकटा उजवाच मिटायचा. मुलांना वाटलं, ‘प’ म्हणायची ही नवी रीत आली असेल. मी सरांना समजावायला गेले, त्यात माझी पापणी लवली आणि सर एक पाऊल मागे सरले.

डॉक्टरांनी युक्ती सांगितली होती की बोटाने डावा गाल वर धरला की शब्द जरा बरे निघतात. तेही करून पाहिलं. शब्द बरे निघाले, पण बोटाने अर्धे ओठ झाकले गेले. आणि दुसऱ्या दिवशी आठही मुलं गालाला बोट लावून बसली.

“आता काय? सगळ्यांची दाढ दुखतीये?” सरांनी विचारलं. मग उसासा टाकून म्हणाले, “राहू द्या बाई. तुम्ही विश्रांती घ्या. मालनला मी तयार करतो.”

सरांच्या मिशा भरघोस होत्या. इतक्या, की वरचा ओठ त्यांच्या पत्नीनेही पाहिला असेल की नाही, शंकाच आहे. ओठ वाचायला शिकवणारी शाळा त्यांनी बारा वर्षं चालवली आणि ह्या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यांनी मालनला समोर बसवलं आणि विचारलं, “तुझं गाव कोणतं?”

मालन बघत राहिली. सरांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मोठ्याने विचारून काही उपयोग नाही हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मालन पुढे झुकली, दोन बोटांनी सरांच्या मिशा अलगद वर उचलल्या आणि आत डोकावून पाहिलं.

मी खिडकीबाहेर उभी होते. मला हसू आलं, तेही अर्धंच. सर ताडकन उठून ऑफिसात गेले. त्या आठवड्यात ते पुन्हा वर्गाकडे फिरकले नाहीत.

उरले पाच दिवस. मी मालनला घेऊन सामानाच्या खोलीत बसले. तिचं तोंड एव्हाना आरशासमोर सरळ करून घेतलं होतं, फक्त डोळा मिटायची सवय जात नव्हती. मी प्रश्न विचारायची, ती माझ्या ओठांवर डोळे लावून बसायची आणि काहीतरी भलतंच उत्तर द्यायची. तिसऱ्या प्रश्नाला मी रडकुंडीला आले. मग तिने उठून दार लावलं, माझ्यासमोर बसली आणि पाठीमागचे हात पुढे घेतले.

तिने ओंजळीचा कोपरा ओठांशी नेला, म्हणजे पाणी. मूठ खांद्यावर ठेवली, म्हणजे घर. दोन बोटं हनुवटीखाली लावून वर ढकलली, म्हणजे मान वर कर. मी तिचे हात धरायला पुढे झाले आणि थांबले. खरं सांगते, मला लाज वाटली नाही, हायसं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच समोरच्या माणसाचं मला काहीतरी कळलं होतं.

‘फक्त परीक्षेपुरतं,’ असं मी स्वतःला बजावलं. ह्या खुणा पोरं रात्री वसतिगृहात आपापसांत बनवत असतील, असा माझा समज होता. आम्ही दार लावून पाच दिवस बसलो. माझं तोंड, तिचे हात आणि मग तिचं तोंड, माझे हात. मला तिच्याएवढं कधी जमलं नाही. मी चुकले की ती माझी बोटं धरून नीट करायची आणि मान हलवायची. अगदी माझ्यासारखी, कपाळाला आठी घालून. माझ्याकडे आता अर्धीच होती, तिच्याकडे पूर्ण होती.

परीक्षेच्या दिवशी अकरा वाजता आम्ही हायस्कूलच्या ऑफिसात बसलो. टेबलापलीकडे उपळेकर बाई, अलीकडे मालन, तिच्या शेजारी मी, भिंतीशी गुळवणी सर. बिरा खरात चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“नाव काय तुझं?” उपळेकर बाईंनी विचारलं.

“मालन बिरा खरात.” सपाट आवाजात, पण स्वच्छ.

“छान. तुझे बाबा काय करतात?”

मालन बाईंच्या ओठांकडे बघत होती. बा आणि मा. मला धडकीच भरली.

“मामा पळून गेला,” मालन म्हणाली.

दारातून खरातांचा आवाज आला, “खरं हाय त्ये. माझा मेव्हणा. पर ते हितं सांगायचं न्हवतं.”

मी मालनकडे पाहिलं आणि पापणी लवली. मालननेही उलट डोळा मिटला.

उपळेकर बाईंचा चेहरा कडक झाला. “रेठरेकर बाई, तुम्ही मुलीला डोळ्याने खुणा करताय?”

“नाही, नाही,” सर घाईघाईने म्हणाले. “त्यांच्या चेहऱ्याची नस सुजलीये. त्यांचा एकच डोळा मिटतो.”

“आणि हिचा?”

“हिचा... हिची नस ठीक आहे. ही फक्त बाईंचं बघून करते.”

“म्हणजे मुलं शिक्षकांचं सगळंच उचलतात म्हणायचं,” उपळेकर बाई म्हणाल्या आणि समोरच्या कागदात डोकं घालून पुढचा प्रश्न विचारायला लागल्या. खाली मान घालून, कागदाशी बोलल्यासारखं. मालनला त्यांचा भांग तेवढा दिसत होता. ती गप्प.

“कळत नाहीसं दिसतंय तिला.” बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

आमच्या मेहनतीची चार वर्षं त्या एका ओळीत पुसली जाणार होती. मालन मेंढरांमागे जाणार, आणि ते माझ्या तोंडामुळे. मी घाबरून बोलले, गालाला बोट लावायचंही विसरले.

“हाई, हान वर करून होला!”

“काय म्हणतायत ह्या?” उपळेकर बाईंनी सरांना विचारलं. सरांनाही कळलं नव्हतं. माझ्या ह्या नव्या बोलीचा कुणालाच पत्ता लागत नव्हता.

“बाई म्हणतात, मान वर करून बोला,” मालन म्हणाली. “तुमचे ओठ दिसत नाहीत.”

उपळेकर बाईंनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग मालनकडे.

“तुला कळलं ह्या काय म्हणाल्या ते?”

“हो.”

“मला नाही कळलं.”

“बाईंचं तोंड आजारी आहे,” मालनने समजावून सांगितलं. “तुम्हाला हळूहळू कळेल.”

उपळेकर बाई खुदकन हसल्या. मग त्यांनी मला काहीबाही विचारायला सुरुवात केली. ही कधीपासून तुमच्याकडे आहे, गणित कसं आहे, खोड्या करते का. मी उत्तर द्यायची आणि मालन ते सांगायची. खोड्यांचं मात्र तिने जरा कमी करून सांगितलं. दहा मिनिटांनी उपळेकर बाई माझ्याकडे बघायच्याही थांबल्या, सरळ तिच्याशीच बोलायला लागल्या, आणि मान वर ठेवून. भिंतीशी बसलेल्या सरांच्या मिशा थरथरत होत्या. सर रडायच्या बेतात होते.

“कमाल आहे गुळवणी सर,” बाई म्हणाल्या. “एवढ्या वाकड्या ओठांवरून कळतं, म्हणजे आमच्या शिक्षकांचं तर सहज कळेल. घेते मी तिला.”

“आमची पद्धतच तशी आहे,” सर म्हणाले.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर जूनमधला वर्ग आला. साठ मुलं, फळ्याकडे तोंड करून बोलणारे शिक्षक, आणि पहिल्या बाकावर ओठ शोधत बसलेली मालन. पंधरा दिवसांत तिला परत पाठवतील. मी बोटाने गाल वर धरला.

“ओठांवरून नाही कळलं तिला. हातावरून कळलं.”

टेबलाखाली मी नुसतीच वर ढकललेली दोन बोटं आता उघडपणे हनुवटीखाली लावून दाखवली. “मी खुणा करत होते. हाताने. आधी जे ती बरोबर बोलली, ते तिचं तिने. माझं जे तिने सांगितलं, ते सगळं असं.”

सरांच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजू शाबूत होत्या, पण त्या वेळी त्यांची एकही रेष हलली नाही. मी खाली बघत बसले.

“मग?” उपळेकर बाई म्हणाल्या.

“म्हणजे... तुम्हाला चालेल?” मी विचारलं.

“बाई, माझ्या वर्गात मागच्या बाकावरची मुलं वर्षभर हातानेच बोलतात. मी वळले की सुरू. ती काय बोलतात ते मला कळत नाही. ही निदान उत्तर तरी देते.” त्यांनी कागदावरची ओळ खोडली. “पहिले काही महिने तुम्ही आठवड्यातून दोनदा येऊन बसा. तोंड बरं होवो न होवो.”

तोंड बरं झालं, पण त्याला तीन महिने लागले. मी मात्र त्या वर्गात दोन वर्षं जाऊन बसत होते.

त्या दिवशी आम्ही बाहेर पटांगणात आलो. सर माझ्याकडे न बघता पुढे चालत होते. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. तेवढ्यात बिरा खरात माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“बाई, ती खूण तुमाला कुनी शिकवली?”

“हालनने.”

त्यांना कळलं नाही. मी मालनकडे बोट दाखवलं.

“ती आमची हाय,” ते म्हणाले. “कोकराला दूद पाजताना हनुवटी वर करत्यात न्हवं का, तशी. ल्हान असताना म्याच दावली हुती तिला. सगळ्याच दावल्या हुत्या. मेंढरांच्या वाड्यावर आमी दोघं दिसभर बोलायचो.” त्यांनी मालनकडे पाहिलं. “मग तुमी म्हनला, हात बंद. हातानं बोललासा तर पोरगी कवाच बोलायची न्हाई. म्हून बंद केलं. आता मला ओठानं काय सांगायचं ते जमंना, आन् तिला माजं कळंना. चार वरसं झाली बाई. पोरीसंगं म्या बोललोच न्हाई.”

मी त्यांना तुसडा म्हणत होते. मी गुळवणी सरांकडे पाहिलं. सर पटांगणाच्या मधोमध उभे होते. दोन्ही हात, मुलांना सांगतो तसे, पाठीमागे बांधलेले.

“सायेब,” खरातांनी त्यांना विचारलं, “म्हंजी आता हातानं बोललो तर चालंल?”

सरांनी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. मग त्यांनी पाठीमागचा एक हात पुढे घेतला आणि मालनच्या दिशेने केला. या, बोला, अशा अर्थाचा. बारा वर्षांत त्यांनी केलेली ती पहिली खूण होती आणि ती कुणालाही कळली असती.

खरात मुलीसमोर उकिडवे बसले. सुरुवातीला त्यांचे हात अडखळले. मालनने त्यांची दोन बोटं धरून नीट केली. मग ते सुरू झाले, तीही सुरू झाली. मी जवळ जाऊन बघत राहिले. पाच दिवस दार लावून शिकले होते, पण त्या दोघांचे हात इतके भरभर चालले होते की मला त्यातला एक शब्दसुद्धा कळला नाही.